धुरीनंतर काय उरते

लाल तिखटाचा एकच लॉट घ्या. एकाच गिरणीत दळलेला, एकाच दिवशी पोत्यांत भरलेला. त्यातली निम्मी पोती न्यूयॉर्कला गेली, निम्मी अँटवर्पला. दळण्याआधी या मिरचीवर इथिलीन ऑक्साइड नावाच्या वायूची प्रक्रिया झालेली आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार वाळवलेल्या मसाल्यात या वायूचा अवशेष किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. शिवाय वायूपासून मसाल्याच्या आतच तयार होणारा इथिलीन क्लोरोहायड्रिन हा पदार्थ चक्क ९४० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. युरोपीय संघात हे दोन्ही मिळून किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. क्लोरोहायड्रिनचे वजन इथिलीन ऑक्साइडच्या हिशेबात आणायचे तर ०.५५ने गुणतात, म्हणजे ९४०चे झाले ५१७. अमेरिकेची कमाल युरोपच्या कमालीच्या पाच हजार पटींहूनही जास्त भरते. त्यामुळे तेच तिखट न्यूयॉर्कमध्ये दुकानाच्या फळीवर लागू शकते आणि अँटवर्पच्या गोदीत अडकून नष्ट होऊ शकते.

हा फरक पाहिला की आपल्या डोक्यात चटकन दोन निष्कर्ष येतात. एक, अमेरिकेला माणसांची पर्वा नाही. दुसरा, युरोपला आपला माल अडवायला निमित्त हवे आहे. निर्यातदारांच्या बैठकीत दुसरा ऐकू येतो, वर्तमानपत्रांतल्या पत्रव्यवहारात पहिला. माझ्या मते दोन्ही चुकतात, कारण दोन्हींचे गृहीत एकच आहे : हे दोन आकडे एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. तसे नाही. अमेरिकेने हा वायू मसाल्यातले जंतू मारायला अधिकृतपणे परवानगी दिली आहे. तिथला आकडा सांगतो की परवानगीच्या अटी पाळून वायू वापरला तर मागे किती उरू शकते. युरोपात हा वायू अन्नावर वापरायला १९९१पासून बंदी आहे. तिथला आकडा सांगतो की प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल अशी सर्वांत लहान मात्रा कोणती. पहिला आकडा प्रक्रियेचे माप आहे, दुसरा यंत्राच्या नजरेचे. ‘इथवर अन्न, इथून पुढे विष’ अशी रेघ दोघांपैकी कुणीही ओढलेली नाही.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे : मसाले, सुका मेवा, तेलबिया, वाळवलेल्या भाज्या यांना कीड आणि जंतूंपासून वाचवण्यासाठी जे वायू दिले जातात, त्यांचे काय उरते आणि त्यावर कायदा काय म्हणतो. रेसिड्यू हा शब्द महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नवा नाही. २०१०मध्ये क्लोरमेक्वाटच्या अवशेषांपायी आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हापासून नाशिक-सांगलीचा बागायतदार काढणीपूर्व कालावधी आणि एमआरएल, म्हणजे अवशेषांची कमाल मर्यादा, यांवर अधिकाराने बोलतो. पण ती सगळी चर्चा बागेतल्या फवारणीची. माल वाळला, पोत्यात गेला, गोदामाचे दार बंद झाले की पुढे त्याच्यावर काय होते, हे शेतकऱ्याला दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला तर त्याचा पत्ताही नसतो. लेखिकेने हे बंद दार उघडले आहे. तिच्या मजकुरात शिरण्याआधी जी पार्श्वभूमी हाताशी असलेली बरी, ती इथे मांडतो.

मुळात वायू द्यायचाच कशाला? मिरी, मिरची, धणे, हळद हे सगळे उघड्यावर वाळते. जमिनीवर, खळ्यात, रस्त्याच्या कडेला. त्यावर पक्षी बसतात, उंदीर फिरतात, पाली जातात. पाणी उडून गेले म्हणजे जंतू मरतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते वाढायचे थांबतात, एवढेच. साल्मोनेला कोरड्या मिरीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि ओलावा मिळाला की पुन्हा कामाला लागतो. जर्मनीत १९९३मध्ये बटाट्याच्या वेफर्सवर भुरभुरलेल्या पाप्रिका पुडीतून साधारण हजार जणांना साल्मोनेलाची बाधा झाली, त्यांत मुले मोठ्या संख्येने होती. अमेरिकेत २००९-१०मध्ये सलामीला बाहेरून लावलेल्या मिरीतून २७२ माणसे आजारी पडली, आणि तीही एकदोन नव्हे, ४४ राज्यांत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २००९ या काळातल्या आयात मसाल्यांची पाहणी केली, तेव्हा ६.६ टक्के खेपांमध्ये साल्मोनेला सापडला. आपल्याकडे मसाला बहुधा फोडणीत पडतो किंवा रश्श्याबरोबर उकळतो, म्हणून आपण यातून बरेचसे सुटतो. ताकात टाकलेली जिरेपूड आणि काकडीवरचा चाट मसाला यांची गोष्ट वेगळी, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसणारा. हळकुंडाला बारीक भोके पडतात, पोत्याच्या तळाशी पिवळी भुकटी साचते, मिरची हलवली की तपकिरी भुंगेरे बाहेर येतात. तंबाखूच्या गोदामात जो भुंगेरा सापडतो, तोच हळदीत, मिरचीत आणि धण्यातही संसार थाटतो. या दोन शत्रूंची औषधे एक नाहीत. गोळीच्या धुरीने भुंगेरा मरतो, पण साल्मोनेलाला काही होत नाही. इथिलीन ऑक्साइडने दोन्ही मरतात. बाजारात मात्र ‘फ्युमिगेशन झालंय’ एवढ्या दोन शब्दांत दोन्ही कामे उरकली जातात, आणि निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. गोदामात थप्पी लावलेली असते. तिच्यावर जाड प्लॅस्टिकचे आवरण टाकतात आणि कडेने वाळूच्या लांबट पिशव्या सापासारख्या पसरून ते जमिनीला चिकटवून घेतात. तीन ग्रॅमची एक गोळी; टनामागे सहसा तीन. हवेतला ओलावा गोळीला लागला की फॉस्फीन वायू सुटू लागतो, आणि एका गोळीतून ग्रॅमभर वायू निघतो. गोळीत अमोनियम कार्बामेटही मिसळलेले असते. त्यातून सुटणारा अमोनिया माणसाला सावध करतो. आठवडाभराने आवरण काढायचे, दारे-खिडक्या उघडायच्या, थप्पीला हवा द्यायची. गोळीच्या जागी राखाडी भुकटी उरलेली असते, ती गोळा करून बाहेर न्यायची. सगळे नीट झाले तर मालात जवळपास काहीच उरत नाही. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने मसाले आणि सुका मेवा यांत फॉस्फीनची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. अवशेष सापडला, तर खरे कारण बहुतेक वेळा वायूचे नसते, भुकटीचे असते. गोळ्या ट्रेमध्ये किंवा पाकिटात न ठेवता थेट पोत्यांच्या फटीत सारलेल्या असतात, पाकीट फुटलेले असते, किंवा घाई झाली म्हणून आठवड्याऐवजी दोनच दिवसांत आवरण उचललेले असते आणि गोळी अर्धी शिल्लक असते. कायद्याचा हा आकडा खरे तर हमालाच्या आणि फ्युमिगेटरच्या हाताची परीक्षा घेतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : ही गोळी घरातल्या धान्याच्या कोठीत टाकायची वस्तू नाही. ती सामान्य माणसाला विकायलाच परवानगी नाही, आणि तिच्या वायूने झोपेत माणसे गेली आहेत.

मिथिल ब्रोमाइडची कथा लवकर संपते. कीड मारण्यात त्याची बरोबरी करणारे फारसे कुणी नव्हते, पण तो वर जाऊन ओझोनच्या थराला भोक पाडतो. त्यामुळे मॉन्ट्रियल कराराखाली विकसित देशांनी २००५पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवला. क्वारंटाइन आणि जहाजात माल चढवण्याआधीची प्रक्रिया एवढ्यापुरता तो आजही चालतो. इथे थोडे थांबायचे ते त्याच्या अवशेषाच्या आकड्यासाठी. कोडेक्सच्या यादीत मसाल्यातल्या ब्रोमाइडची मर्यादा आहे किलोमागे ४०० मिलिग्रॅम. भारतीय नियमांतही मसाल्यासाठी ४००च आहे; सुक्या फळांसाठी मात्र ३०. आता फॉस्फीनच्या ०.०१शेजारी हे ४०० ठेवून पाहा. वाचणारा दचकेल. पण मोजमाप होते ते वायूचे नव्हे, ब्रोमाइडचे. आणि ब्रोमाइड समुद्रात आहे, मातीत आहे, झाड ते मुळांतून शोषून घेते. धुरी न दिलेल्या मसाल्यातही ते सापडते. आकडा मोठा आहे तो धोका लहान म्हणून, आणि झाडाचे स्वतःचे ब्रोमाइड त्यात आधीच धरलेले आहे म्हणूनही. काय मोजले, हे न विचारता दोन मर्यादांची तुलना करणे म्हणजे तालमीतल्या पैलवानाच्या किलोंची सराफाच्या ग्रॅमशी तुलना करणे.

एखाद्या वायूवरून सरकारची किती तारांबळ उडते, याचा नमुना इथिलीन डायब्रोमाइडने घालून दिला. अमेरिकेत धान्याच्या कोठारांत आणि गिरण्यांत तो वर्षानुवर्षे वापरात होता. गृहीत असे होते की तो उडून जातो आणि जे थोडे उरते ते भाजताना संपते. १९८३च्या अखेरीस फ्लोरिडा राज्याने दुकानातली केकची पिठे आणि मफिनची पाकिटे तपासली, तर तो त्यांत हजर. राज्याने माल काढून घ्यायला सुरुवात केली, इतर राज्यांचे आकडे वेगळे, वॉशिंग्टनकडे तर आकडाच नव्हता. फेब्रुवारी १९८४मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने धान्यावरचा वापर तातडीने थांबवला आणि कोठारांत आधीच पडलेल्या मालासाठी तीन पायऱ्या सुचवल्या : कच्च्या धान्यात ९०० पीपीबी, पिठात १५०, तयार खाण्याच्या पदार्थात ३०. एकाच विषाला तीन मर्यादा, कारण दळताना आणि भाजताना तो कमी होत जातो. या हिशेबात शास्त्र होते, पण तो मांडला गेला दुकाने रिकामी होऊ लागल्यावर. भारतातही या रसायनावर आता बंदी आहे.

आता मुख्य पात्राकडे वळू. इथिलीन ऑक्साइड पहिल्यांदा तयार केले शार्ल-अदोल्फ व्युर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १८५९मध्ये. मसाल्याच्या धंद्यात ते आणण्याचे श्रेय शिकागोच्या ग्रिफिथ लॅबोरेटरीजमधल्या लॉइड हॉल या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनतज्ज्ञाकडे जाते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने ही पद्धत बसवली. पद्धत अशी : मसाला बंद कक्षात ठेवायचा, पंपाने हवा ओढून घ्यायची, मग वायू सोडायचा. निर्वातामुळे तो मिरीच्या सुरकुत्यांत आणि पोत्याच्या मध्यापर्यंत शिरतो. काही तासांनी वायू काढून ताजी हवा पुन्हापुन्हा फिरवायची. या सगळ्यात उष्णता जवळपास नाही. वाफेने मिरीचा सुगंध उडतो, मिरचीचा रंग काळवंडतो, कसुरी मेथीसारख्या पानांचा तर लगदा व्हायची भीती. वायूने मसाल्याचे रूप, रंग, वास जसेच्या तसे राहतात. व्यापारी या पद्धतीवर का भाळले, हे कळायला एवढे पुरे.

त्याचे गुण आणि दोष एकाच मुळातून येतात. हा वायू प्रथिनांना आणि डीएनएला जाऊन चिकटतो. जंतू त्यानेच मरतात आणि माणसाच्या पेशीतही तो तेच करतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४मध्ये त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. हे ठरवताना माणसांबद्दलचा जो पुरावा पाहिला गेला तो मसाला खाणाऱ्यांचा नव्हता. तो होता या वायूच्या कारखान्यांत आणि वैद्यकीय साधने निर्जंतुक करण्याच्या जागी काम करणाऱ्या, श्वासावाटे तो घेणाऱ्या कामगारांचा. अमेरिकेत कामगाराच्या आठ तासांच्या पाळीसाठी हवेतली मर्यादा १ पीपीएम आहे. आणि त्याचा वास माणसाला येतो तो शेकडो पीपीएमवर. वास आला तेव्हा मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. अवशेषांची चर्चा नेहमी ताटातल्या चिमूटभर मसाल्याभोवती फिरते, पण या वायूची सर्वाधिक किंमत मोजतो तो कक्षाचे दार उघडणारा माणूस. या पुस्तकात त्याच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते सर्वांत आधी वाचावे असे मला वाटते.

हा वायू सुमारे अकरा अंश सेल्सियसला उकळतो. मग आपल्या हवेत तो टिकेलच कसा? स्वतः तो टिकत नाहीच. नीट हवा दिली तर बराचसा निघून जातो. पण जाता जाता त्याची गाठ मसाल्यातल्या नैसर्गिक क्लोराइडशी पडते. दोघांपासून होते २-क्लोरोइथेनॉल, म्हणजेच अमेरिकी कायद्यातले इथिलीन क्लोरोहायड्रिन. त्याचा उत्कलनबिंदू १२८ अंशांच्या आसपास. ते उडत नाही, ठाण मांडून बसते. महिन्यांनी तपासलेल्या पुडीत मूळ वायू शून्य आणि हे मात्र भरपूर, असेच चित्र बहुधा दिसते. युरोप दोन्हींची बेरीज करतो, अमेरिका दोन्हींना वेगळे खाते देते. २-क्लोरोइथेनॉल मूळ वायूइतके वाईट आहे का, यावर अजून एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२मध्ये उपलब्ध पुरावा अपुरा ठरवला. तोवर शंकेचा फायदा ग्राहकाला, असे तिथले धोरण आहे.

प्रत्यक्ष ताटात किती येते, याचा अंदाज करता येतो. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने ‘फारशी चिंता नाही’ अशी दैनिक मात्रा काढली आहे : शरीराच्या वजनाच्या दर किलोला ०.०३७ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ती २.२ मायक्रोग्रॅम पडते. आपल्या घरात माणशी दिवसाला दहा ग्रॅम मसाला धरू. तो युरोपच्या ०.१च्या मर्यादेवर असेल तर पोटात गेला एक मायक्रोग्रॅम, निम्म्याहून कमी. तोच मसाला अमेरिकी कमालीला टेकलेला असेल तर हिशेब पाच मिलिग्रॅमच्या वर जातो, म्हणजे जर्मन मात्रेच्या दोन हजार पटींहून अधिक. इतका अवशेष असलेला मसाला रोज कुणी खात नाही, हे खरे. पण कायदा कमाल सांगतो, सरासरी नव्हे. आणि मसाला रोज, तीन वेळा, पिढ्यान्‌पिढ्या खाणारे आपण आहोत. परदेशी आकडा उचलताना त्यामागे कुणाचे ताट धरले आहे, हे पाहिलेच पाहिजे.

सप्टेंबर २०२०मध्ये बेल्जियमने युरोपच्या इशारा यंत्रणेत भारतीय तिळाची नोंद केली. तिळासाठी युरोपची मर्यादा ०.०५, काही नमुन्यांत अवशेष तिच्या हजार पटींहून अधिक निघाला. ऑक्टोबरमध्येच नियम आला की भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासायच्या आणि प्रत्येक खेपेला तपासणीचा दाखला हवा. ही कथा सांगताना एक दुवा बहुधा गाळला जातो. भारतीय तीळ त्याआधीपासून साल्मोनेलासाठी वाढीव तपासणीच्या यादीत होता. जंतू सापडला तर माल परत, म्हणून जंतू मारायचा. मारायला सर्वांत सोपा उपाय हाताशी असलेला वायू. आणि तो वायू तिथे तीस वर्षे बंद. मालाच्या दाखल्यावर जंतूंचा रकाना स्वच्छ दिसत होता, वायूचा रकानाच नव्हता.

त्यानंतर पुढच्याच, म्हणजे २०२१च्या उन्हाळ्यात प्रकरण आइस्क्रीमपर्यंत पोचले. आइस्क्रीमला घट्टपणा आणणारा कॅरोबच्या बियांचा डिंक दूषित निघाला. तो आइस्क्रीममध्ये एखाद्या टक्क्याहूनही कमी असतो. तयार आइस्क्रीममध्ये वायूचा मागमूस यंत्रालाही लागेना. तरीही जुलैत ठरले की असा डिंक वापरलेला माल परत घ्यायचा, कारण सुरक्षित अशी किमान मात्रा सांगता येत नाही. एकट्या फ्रान्समध्ये परत बोलावलेल्या वस्तूंची यादी हजारांत गेली. मला हा निर्णय अती वाटतो. पण त्याचा तर्क समजून घ्यावा : कच्चा माल बेकायदा असेल, तर तो पातळ करून कायदेशीर होत नाही. मिश्र मसाले विकणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य गिरणीच्या भिंतीवर लावावे. पंधरा घटकांच्या मसाल्यात एकटे धणे दूषित असतील, तर अंतिम पुडीचा आकडा लहान येईल. गुन्हा तेवढाच राहील.

५ एप्रिल २०२४ रोजी हाँगकाँगने दोन मोठ्या भारतीय कंपन्यांच्या चार मिश्र मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले. १८ एप्रिलला सिंगापूरने त्यांतला एक मसाला परत बोलावला, मे महिन्यात नेपाळने आयात थांबवली. कंपन्यांनी आरोप नाकारले. भारतातल्या तपासणीत आलेल्या २८ अहवालांत हा वायू आढळला नाही, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितले. मसाला मंडळाने सिंगापूर आणि हाँगकाँगला जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली. नेमक्या याच दिवसांत, ८ एप्रिलला, प्राधिकरणाचा एक आदेश निघाला होता. भारतात ज्यांची नोंदणी नाही आणि ज्यांच्यासाठी कोडेक्सनेही मर्यादा दिलेली नाही, अशा कीटकनाशकांची मसाल्यातली सरसकट मर्यादा ०.०१वरून ०.१ झाली. ‘दहापट सूट’ असा गदारोळ उठला. सरकारचे उत्तर होते की मसाल्यातले रंग आणि तेले यंत्राला चकवतात, आणि वैज्ञानिक समितीने तशी शिफारस केली आहे. तांत्रिक मुद्दा खोटा नाही. युरोपही इथिलीन ऑक्साइडसाठी इतर अन्नापेक्षा मसाल्यात मर्यादा सैल ठेवतो, ती याच कारणाने. पण असा बदल लोकांना वर्तमानपत्रांतल्या वादातून कळावा, हे काही बरे नाही.

खरी पोकळी वेगळ्याच जागी आहे. इथिलीन ऑक्साइडसाठी कोडेक्सची मर्यादाच नाही. त्यामुळे अमेरिका ७ म्हणते, युरोप ०.१ म्हणतो, आणि कोची किंवा वाशीचा व्यापारी गिऱ्हाइकाच्या देशाप्रमाणे माल वेगळा काढतो. मसाल्यांसाठीच्या कोडेक्स समितीचे यजमानपद २०१३पासून भारताकडेच आहे. ही मर्यादा ठरवावी अशी मागणी भारताने केलीही आहे. मात्र मागणी करणाऱ्याकडे आपल्या ताटांचा हिशेब असायला हवा; तो कुठल्या प्रांतात कोण किती मसाला खातो इथून सुरू होतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध सांगलीच्या बेदाण्यातून येतो. तासगावच्या बाजूला द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. बेदाणा पिवळा-सोनेरी दिसावा म्हणून बंदिस्त जागेत गंधक जाळून त्याची धुरी देतात. घसा खवखवतो, डोळ्यांतून पाणी येते. मालात राहतो तो सल्फर डायऑक्साइड. हीदेखील धुरीच, पण कायद्यात ती कीटकनाशकाच्या प्रकरणात नाही, परिरक्षकांच्या प्रकरणात आहे. म्हणून तिचे आकडे अगदी वेगळ्या पट्टीचे : कोडेक्समध्ये साधारण सुक्या फळांना किलोमागे १००० मिलिग्रॅम, धुरी देऊन उजळलेल्या बेदाण्याला १५००; युरोपात बेदाणा, जर्दाळू, अंजीर यांना २०००. रोज चालेल अशी मात्रा वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम मानली जाते. पन्नास किलोच्या बाईला ती ३५ मिलिग्रॅम. १५००च्या बेदाण्याचे २५ ग्रॅम, म्हणजे एक मूठ, खाल्ली की ३७.५ झाले. साठवणीत आणि शिजवताना हा वायू घटतो, आणि बहुतेकांना मूठभराने काही होत नाही. दम्याच्या माणसाला मात्र होऊ शकते. म्हणून पाकिटावर सल्फाइटचा उल्लेख असावा लागतो. सुट्या बेदाण्याला पाकीट नसते. गिऱ्हाईक पिवळ्यालाच जास्त भाव देते, तोवर शेडमध्ये गंधक जळतच राहणार.

वायूशिवाय मार्ग आहेत. अख्ख्या मिरीला वाफ चालते. वाशीला किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे केंद्र २०००पासून मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करते. ६ ते १४ किलोग्रेची मात्रा, मागे रासायनिक अवशेष नाही. तरीही ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द पाकिटावर छापावा लागतो आणि युरोपातले गिऱ्हाईक तिथेच मागे सरते. विनोद असा की ज्या पद्धतीत काही उरत नाही, तिचेच नाव छापणे सक्तीचे. मसाल्याला दिलेल्या वायूचे नाव कुठे छापत नाहीत. किडीपुरते पाहायचे तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांनी हा प्रश्न पिढ्यांपूर्वी सोडवला होता. जमिनीत खोल खोदलेले पेव हळदीने भरून तोंड मातीने लिंपले की आतला प्राणवायू संपतो आणि भुंगेरे गुदमरतात. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हे तिथल्या हमालांना सांगावे लागत नाही. २००५च्या महापुराने त्यांतली बरीच पेवे निकामी केली. आज हवाबंद प्लॅस्टिकच्या थैल्या विकणाऱ्या कंपन्या तेच तत्त्व नव्या नावाने देतात. साल्मोनेलावर मात्र पेवाचा इलाज चालत नाही.

पुस्तकात तपासणीच्या अहवालांचे नमुने छापले आहेत. बचत गटांनी आणि छोट्या मसाला-उत्पादकांनी तो भाग हाताशी ठेवावा. अहवालात ‘इथिलीन ऑक्साइड : बीएलक्यू’ एवढेच लिहिलेले असेल, तर खूश होऊ नका. बीएलक्यू म्हणजे यंत्राच्या मोजणी-मर्यादेच्या खाली, आणि ती मर्यादा किती हे शेजारी लिहिलेले हवे, ती ०.५ असेल तर ०.१च्या प्रश्नाला त्या कागदाकडे उत्तर नाही. पुढची ओळ २-क्लोरोइथेनॉलची हवी. ती नसेल, तर प्रयोगशाळेने उडून गेलेल्या वायूला शोधले आणि बसून राहिलेल्याला विचारलेच नाही. मग नमुना कुणी काढला ते पाहा : कंटेनरमधल्या शेकडो पोत्यांतून ठिकठिकाणी पारखी खुपसून, की मालकाने स्वतः आणून दिलेल्या एका पिशवीतून. हे तीन रकाने भरलेले नसतील, तर प्रयोगशाळेला पैसे देण्याआधीच अहवाल परत पाठवावा.